शिऊरची आजी : संत बहिणाबाई

राम कृष्ण हरी.

शताब्दीची स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा बैठकीत विषयांची वाटणी झाली. ज्ञानोबा माउली, नामदेवराय, नाथ महाराज, तुकोबाराय, सगळ्यांवर लिहायला माणसं पुढं आली. दिंडीच्या शंभर वर्षांतल्या विणेकऱ्यांची, चोपदारांची, पखवाज्यांची यादी करायचं कामही एकानं अंगावर घेतलं. सगळं ठरतंय असं वाटत असताना मागं बसलेल्या बायांमधनं एक म्हातारी माय उठली. साठ वर्षं डोक्यावर तुळस घेऊन चाललेली बाई. तिनं एवढंच विचारलं की त्या यादीत आमच्यापैकी कोण आहे.

बैठक गप्प झाली. मग आम्ही दिंडीच्या जुन्या वह्या बाहेर काढल्या. शिधा किती, पट्टी किती, राहुट्या किती, सगळं नीट टिपलेलं. पुरुषांची नावं गावासकट आहेत. बायांबद्दल मात्र स्वयंपाकाच्या बाया, एवढा एक शब्द आहे, तोही काही वर्षांत नाही. त्या रात्री आम्ही ठरवलं की स्मरणिकेत एक लेख बहिणाबाईचा असलाच पाहिजे. एक तर ती आपल्याच भागातली. आणि दुसरं म्हणजे आपलं नाव दुसऱ्या कुणी वहीत लिहील म्हणून ती थांबली नाही. तिनं आपली हकिगत आपणच सांगून ठेवली.

ही बहिणाबाई शिऊरची. जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या. त्यांची गाणी शाळेत असतात, त्या अलीकडच्या, १९५१ साली गेल्या. आपण सांगतोय ती तुकोबांची शिष्या, त्यांच्याही अडीचशे वर्षं आधीची. नावामुळं पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

आणखी एक. या लेखात आम्ही तिला ‘ती’च म्हणणार आहोत. घरात आईला, आजीला कुणी अहोजाहो करत नाही. ज्ञानोबांना आपण माउली म्हणतो आणि एकेरीतच हाक मारतो. तोच हक्क इथं घेतला आहे.

देवगावची पोर

शके १५५०, म्हणजे इसवी सन १६२८ साली वेरुळच्या पश्चिमेला असलेल्या देवगावात तिचा जन्म झाला. आजचं देवगाव रंगारी, तालुका कन्नड. बापाचं नाव आऊजी, गावचा कुलकर्णी. आईचं नाव जानकी. पुष्कळ दिवस मूल नव्हतं, नवससायास झाले, तेव्हा ही पहिली लेक झाली. म्हणजे कौतुकाचीच.

काळ मात्र कौतुकाचा नव्हता. ती दोन वर्षांची असताना, १६३० साली, दक्षिणेत तो मोठा दुष्काळ पडला. त्याच दुष्काळानं तिकडं देहूत तुकोबांचं दुकान बसवलं, त्यांची पहिली बायको आणि मुलगा नेला. पुढं जे गुरुशिष्य व्हायचे होते ते दोघंही एकाच दुष्काळाची होरपळ बघितलेले. आपल्या भागात तर वर लढाईही होती. देवगावपासून जवळच असलेला दौलताबादचा किल्ला १६३३ साली मोगलांनी घेतला आणि तीन वर्षांत निजामशाहीच संपली. राज्य बदलताना गावच्या कुलकर्ण्याचं, पाटलाचं, कुणब्याचं काय होतं, हे आपल्या वाडवडलांनी भोगलेलं आहे.

तिचं लग्न तिसऱ्या वर्षी झालं. नवरा शिऊरचा गंगाधर पाठक, तीस वर्षांचा, बिजवर. वेदविद्या शिकलेला, ज्योतिष जाणणारा. आज हे वाचताना आपल्याला कसंतरी होतं, पण त्या काळी घरोघर हेच होतं, आणि तीही ते साधेपणानं सांगून पुढं जाते. पोर माहेरीच होती. बाहुल्या खेळायच्या वयात तिला देवाची ओढ होती. कथापुराण ऐकायला बसायचं, नामाचा छंद घ्यायचा, हे तिनं स्वतःच सांगितलं आहे.

रातोरात सुटलेलं घर

लग्नाला चार वर्षं झाली आणि घरावर संकट आलं. वतनावरनं भाऊबंदकी पेटली, डोक्यावर कर्ज झालं आणि आऊजीला भाऊबंदांनी कोंडून घातलं. आपल्याकडं कर्जापायी माणूस कसा कोंडला जातो ते वेगळं सांगायला नको. आता कोंडायला खोली लागत नाही एवढाच फरक.

जानकीनं शिऊरला जावयाकडं निरोप पाठवला. गंगाधर आला, त्यानं सासऱ्याला सोडवलं आणि रात्रीच सगळी मंडळी घराबाहेर पडली. आईबाप, भावंडं, नवरा आणि ही लहान पोर. घर, वतन, भांडीकुंडी सगळं मागं राहिलं. गोदावरीच्या काठाकाठानं चालत, दारोदार कोरान्न मागत ही माणसं दक्षिणेकडं निघाली.

पुढं याच गंगाधरानं तिला मारलं, ते आम्ही सांगणारच आहोत. पण बायकोच्या माहेरच्यांसाठी त्यानं आपलं गाव सोडलं, ही गोष्टही त्याच्या नावावर लिहिली पाहिजे. बहिणाबाईनं दोन्ही लिहिल्या आहेत. तिच्या सांगण्यात खोट नाही ती अशी.

हिंडत हिंडत ते पंढरपुरात पोचले. चंद्रभागेचं स्नान, प्रदक्षिणा, विठ्ठलाचं दर्शन. पाच दिवस मुक्काम पडला. पोर आठ-नऊ वर्षांची होती आणि तिचं मन तिथंच अडकलं. पुन्हा पाय निघेना.

आमची दिंडी पैठणहून नाथांच्या पालखीमागं पंढरीला जाते. गोदाकाठ सोडून दक्षिणेला उतरताना आम्हाला दरवर्षी तिची आठवण होते. आमच्या डोक्यावर पताका असते, पुढं मुक्कामाची सोय असते, गावोगाव कुणीतरी भाकरी घेऊन उभं असतं. तिची पहिली पंढरी मात्र पळून आलेल्या माणसांची होती. तिच्या घरच्यांनी वारी म्हणून वाट धरली नव्हती, निवारा शोधत ते निघाले होते, आणि वाटेत पोरीला विठोबा भेटला. दिंडीत असेही लोक येतात हे आम्ही शंभर वर्षं बघतोय. कुणी नवस फेडायला येतं, कुणी नेमानं येतं, आणि कुणी घरी थांबवत नाही म्हणून येतं. टाळ सगळ्यांच्या हातात सारखाच असतो.

कोल्हापूरचं वासरू

पंढरपुराहून शिखर शिंगणापूर झालं, मग रहिमतपूर. तिथं गावच्या भिक्षुकीवर गंगाधराचं काही काळ भागलं. तिच्या अकराव्या वर्षी मंडळी कोल्हापुरात आली. बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. त्या घरी पुराण चालायचं, गावात कीर्तनं व्हायची. ऐकायला मुबलक होतं.

याच घरी एक गाय गंगाधराला दान मिळाली. तिला वासरू होतं, काळं. या वासराचा बहिणाबाईला आणि बहिणाबाईचा वासराला असा काही लळा लागला की ती जाईल तिकडं ते मागं. पाण्याला गेली तर पाण्याला, पुराणाला गेली तर पुराणाला. ती पाजणार तेव्हाच पाणी, ती घालणार तेव्हाच चारा. ज्यांच्या गोठ्यात गुरं आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही.

त्या वेळी वडगावचे जयरामस्वामी कोल्हापुरात कीर्तनाला आले होते. स्वामींचं नाव मोठं, गर्दी दाट. बहिणाबाई आईबरोबर कीर्तनाला आली, पाठोपाठ वासरू. कीर्तनात जनावर कशाला म्हणून लोकांनी वासराला बाहेर हाकललं. ते बाहेर हंबरायला लागलं आणि ही आत रडायला लागली. स्वामींना कळलं तेव्हा त्यांनी कीर्तन थांबवून वासराला आत आणवलं, पोरीला जवळ बोलावलं आणि दोघांच्याही डोक्यावरनं हात फिरवला. ज्याला ऐकायची ओढ आहे त्याला दारात अडवायचं नाही, एवढी साधी गोष्ट त्या संतानं सगळ्यांपुढं करून दाखवली.

गावभर बातमी झाली. आणि तीच बातमी घरी पोचली.

मार

आता आम्ही जे लिहितोय ते कीर्तनात पुष्कळदा गोड करून सांगतात. आम्ही तसं करणार नाही, कारण तिनं स्वतः ते गोड केलेलं नाही.

गंगाधर तापट होता. आपली बायको, एवढीशी पोर, तिला भर सभेत स्वामींनी जवळ घेतलं, लोक तिच्याबद्दल बोलायला लागले, हे त्याला सोसलं नाही. त्यानं तिला वेणीला धरून मारलं, बांधून घातलं. आईबाप बघत राहिले. घर त्यांचं नव्हतं, गाव त्यांचं नव्हतं, जावयाच्या आधारानं दिवस काढणारे ते, बोलणार काय? गोठ्यात गाय आणि वासरू हंबरत होती. त्यांनी चारा सोडला, पाणी सोडलं. माणसं गप्प राहिली आणि जनावरांनी अन्न टाकलं. पुढं थोड्याच दिवसांत ते वासरू मेलं. बहिणाबाई शुद्ध हरपून पडली, दिवसच्या दिवस.

जयरामस्वामींच्या कीर्तनात तिनं तुकोबांचे अभंग ऐकले होते. त्यांना डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण मनानं धरलं होतं. कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकोबा तिच्या स्वप्नात आले. डोक्यावर हात ठेवला आणि मंत्र दिला, तोच जो या लेखाच्या माथ्यावर आहे आणि आपण रोज म्हणतो. ती उठून बसली. इथून पुढं तिला गुरू होता.

घरात पुन्हा वादळ उठलं. गुरू केला तो देहूचा कुणबी वाणी, आणि बाई वैदिक ब्राह्मणाच्या घरची. त्यात लोक तिला बघायला येऊ लागले, पाया पडू लागले. शिकलेला नवरा बाजूला आणि न शिकलेल्या बायकोपुढं गर्दी. गंगाधरानं घर सोडून तीर्थाला निघून जायचं ठरवलं. ती तेव्हा गरोदर होती. तिला आईबापांच्या गळ्यात टाकून तो जायला निघाला.

त्या वेळी तिच्या मनात काय चाललं होतं, ते तिनं अभंगांत मोकळं केलं आहे. बाईचा जन्म म्हणून वेद कानी पडायचे नाहीत, मंत्र म्हणायचा नाही, नवऱ्यावाचून दैवत नाही असं शास्त्र सांगतं, आणि जीव तर विठ्ठलाकडं ओढतो. मग असा जन्म दिलाच कशाला, हा जाब तिनं देवालाच विचारला. देव टाकला तर जीव जातो, नवरा टाकला तर धर्म जातो. तिनं दोन्ही धरून ठेवले. नवऱ्याची सेवा करायची आणि मनातला विठोबा सोडायचा नाही, असा तिनं आपल्यापुरता मार्ग काढला.

आज कुणी या गोष्टीवरनं बायांना सोसायला शिकवत असेल तर तो बहिणाबाईला समजलेला नाही, असं आम्हाला वाटतं. तिला मार चुकवता आला नाही, तो काळच तसा होता. पण मारून तिचा विठोबा कुणाला सुटवता आला नाही. तिच्या गोष्टीत शिकायचं ते हे. आणि घरातल्या माणसानं हात उचलला हे तिनं झाकूनही ठेवलं नाही. अब्रू जाईल म्हणून गिळलं नाही. अभंगात घालून लेकाबाळांसमोर, लोकांसमोर ठेवलं. साडेतीनशे वर्षांपूर्वी.

जायच्या दिवशीच गंगाधर आजारी पडला. अंगाची आग आग. महिनाभर अंथरुणाला खिळला. आणि जिला मारलं तीच रात्रंदिवस उशाशी बसली. त्या दुखण्यात त्याचं मन पालटलं. ज्याची निंदा केली त्याच तुकोबांच्या पायाशी जायचं त्यानं ठरवलं. बरा झाल्यावर सगळं बिऱ्हाड, गाईसकट, देहूला निघालं.

देहू

इंद्रायणीचं स्नान करून ते देवळात गेले तेव्हा तुकोबा तिथंच होते. स्वप्नात पाहिलेलं रूप आणि समोरचं रूप एकच. गंगाधर, जो वेदपाठी म्हणून ताठ होता, तो त्या कुणबी वाण्याच्या पायाशी वाकला. आमच्या मते बहिणाबाईच्या चरित्रातला मोठा चमत्कार म्हणायचा तर हाच.

देहूत राहायला जागा हवी होती. मंबाजी गोसाव्याकडं गंगाधर जागा विचारायला गेला. मंबाजी तुकोबांचा दावेदार, हे आपल्याला माहीत आहे. त्याला ही मंडळी आपले शिष्य व्हायला हवी होती. यांचा गुरू तुकोबा आहे हे कळल्यावर त्याचा राग अनावर झाला. ब्राह्मणानं शूद्राचे पाय धरावेत हे त्याला पाप वाटलं. त्यानं त्रास द्यायला सुरुवात केली, यांना वाळीत टाकावं म्हणून पुण्याला पत्र धाडलं. एवढ्यानं भागलं नाही तेव्हा त्यानं यांची गाय नेऊन कोंडली आणि तिला मारलं. ते वळ तुकोबांच्या पाठीवर उठले असं ती सांगते. पाठीवर वळ उठणं म्हणजे काय, हे कोल्हापुरात मार खाल्लेल्या बाईला समजावून सांगायची गरज नव्हती. मुक्याला मारलेलं ज्याच्या अंगावर उमटतं तो संत, ही खूण तिनं आपल्या अनुभवानं पटवली.

देहूतच तिला लेक झाली. नाव ठेवलं काशी. आणि देहूतच, इंद्रायणीच्या काठी, तिला कवित्व स्फुरलं. दिवसभर घरकाम, तान्ही लेक, संध्याकाळी तुकोबांचं कीर्तन. असं ते आयुष्यातलं सुखाचं पर्व. ते फार टिकलं नाही. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे १६५० साली, तुकोबा गेले. बहिणाबाई तेव्हा जेमतेम बाविशीची. पुढची पन्नास वर्षं तिला गुरूवाचून काढायची होती.

शिऊरची आजी

पुढं तिला मुलगा झाला. त्याचं नाव विठ्ठल. मंडळी फिरून आपल्या गावी, शिऊरला आली. रातोरात सोडलेल्या मुलखात ती परतली तेव्हा ती कुणाची तरी धाकटी बायको राहिली नव्हती. ती आई होती, पुढं सासू झाली, आणि लोक तिच्याकडं उपदेश घ्यायला येऊ लागले. मधल्या काळात ती समर्थ रामदासांच्या सहवासात राहिली आणि त्यांनी दिलेली मारुतीची मूर्ती तिनं शिऊरला आणली, असं तिथली परंपरा सांगते.

आपल्याला माहीत असलेली बहिणाबाई या म्हातारपणातली आहे. मागं वळून जन्मभराची हकिगत ओळीनं सांगणारी. जन्म, लग्न, कर्ज, पळून जाणं, वासरू, मार, दुखणं, देहू, सगळं. संतांची चरित्रं आपल्याला बहुतेक महिपतीबोवांनी सांगितली, तेही शे-दीडशे, चार-चारशे वर्षांनंतर. हिचं चरित्र मात्र हिच्याच तोंडचं आहे. मराठीत एका बाईनं स्वतःचं आयुष्य असं सांगितल्याचं याच्या आधीचं उदाहरण आम्हाला तरी दुसरं दाखवता येणार नाही. पुढं १९२९ साली जस्टिन अॅबट नावाच्या पाद्र्यानं तिचं चरित्र इंग्रजीत नेलं आणि शिऊरची म्हातारी सातासमुद्रापलीकडं पोचली.

तिनं नुसतं चरित्र सांगितलं नाही. वज्रसूची नावाचा जुना संस्कृत ग्रंथ तिनं मराठी अभंगांत आणला. ब्राह्मण कुणाला म्हणावं, हा त्याचा विषय. देहानं नाही, जन्मानं नाही, नुसत्या पाठांतरानंही नाही, ज्यानं ब्रह्म जाणलं तो ब्राह्मण, हा त्याचा निवाडा. मंबाजीला देहूत जे उत्तर तोंडानं देता आलं नव्हतं ते तिनं असं दिलं. पुंडलिकाचं माहात्म्य गायलं, पतिव्रतेचा धर्म सांगितला, नामाचा महिमा सांगितला. आणि आपल्या संप्रदायाची इमारत कुणी कुणी कशी उभारली, ज्ञानोबांपासून तुकोबांपर्यंत, ते सांगणारा जो अभंग आपण कीर्तनात हमखास ऐकतो, तोही हिच्याच नावावर आहे. पायापासून कळसापर्यंत सगळ्यांची नावं तिनं घेतली. आपलं नाव शेवटी नाममुद्रेपुरतं घातलं, आपण नुसती सांगणारी. घरातली म्हातारी असंच करते. पंगतीत सगळ्यांची पानं मांडते आणि स्वतः मागं भांड्यांपाशी बसते.

शके १६२२, इसवी सन १७००, आश्विन महिना जवळ आला. तिला बहात्तरावं चालू होतं. आपली वेळ आली हे तिनं ओळखलं. मुलगा विठोबा घरी नव्हता. सून रुक्मिणी वारली होती आणि तिच्या क्रियाकर्मासाठी तो गोदाकाठी शुक्लेश्वराला गेला होता. तिनं पत्र पाठवून त्याला बोलावून घेतलं.

आपल्या घरांत हे दृश्य नवं नाही. म्हातारी जायच्या आधी लेकाला जवळ बसवते. अमक्याचे इतके द्यायचे राहिलेत, तमक्याकडं पायली-दोन पायली ज्वारी येणं आहे, पेटीत ही पोत आहे ती धाकटीला दे. सगळं सांगून मोकळी होते. बहिणाबाईनंही विठोबाला जवळ बसवलं आणि हिशेब सांगितला. पण तो पैशाचा नव्हता. मागचे बारा जन्म आपण कुठं कुठं घेतले, काय काय भोगलं, कुठल्या जन्मात काय अपुरं राहिलं, ते तिनं एकेक करून सांगितलं. हा तेरावा, आणि शेवटचा. आता कुणाचं काही देणं राहिलं नाही. बापाच्या कर्जानं जिचं घर सुटलं होतं, ती पोर सगळी खाती चुकती करून गेली.

आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, तिनं देह ठेवला. शिऊरला तिची समाधी आहे. शिऊर बंगल्याच्या फाट्यावरनं आत वळलं की गाव लागतं. देवगाव आणि शिऊर दोन्ही एका दिवसात बघून होतात. ज्यांनी अजून पाहिलं नसेल त्यांनी पंढरीहून परतल्यावर एकदा जाऊन यावं. तिकडं घट बसतात आणि इकडं हिची पुण्यतिथी असते, हे जुळून आलंय ते आम्हाला फार गोड वाटतं.

शेवटी

लोक संत म्हटलं की घर सोडलेला माणूस धरतात. बहिणाबाईला घर सोडता आलं नाही आणि तिनं ते सोडलंही नाही. पोरीचं, बायकोचं, आईचं, सासूचं सगळं करत ती चालली, आणि शेवटी घरच तिच्या मागं चाललं. मारणारा नवरा देहूपर्यंत मागं आला, लेक-लेकी तिच्या वाटेला लागली. आमच्या दिंडीतल्या म्हाताऱ्याही अशाच. पहाटे काकड्याच्या आधी उठून चूल पेटवणाऱ्या, दिवसभर चालून पुन्हा राहुटीपाशी भाकरी थापणाऱ्या, हरिपाठाला मात्र न चुकता येऊन बसणाऱ्या. घरी किती जणींनी काय सोसलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. शंभर वर्षांत त्यांचं नाव लिहायचंही आम्हाला सुचलं नाही, ही आमची चूक आम्ही इथं कबूल करतो.

म्हणून या लेखाच्या मागं दोन पानं कोरी सोडली आहेत. ती छापखान्याची चूक नाही. स्मरणिका घरी नेल्यावर प्रत्येकानं आपल्या घरातल्या, दिंडीत चाललेल्या म्हातारीचं नाव, माहेर, किती वाऱ्या झाल्या, आणि ती सांगेल ते चार शब्द आपल्या हातानं त्या पानांवर लिहावेत. ती असेल तर तिला जवळ बसवून, विचारून. नसेल तर आठवून. पुढच्या वेळी दिंडीची वही उघडेल तेव्हा ही नावं त्यात उतरवून घेतली जातील, तसं बैठकीत ठरलं आहे.

ज्या मायनं त्या दिवशी प्रश्न विचारला होता, तिला हा लेख वाचून दाखवला. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिनं ऐकून घेतलं, वासराच्या ठिकाणी पदर डोळ्याला लावला, आणि पहिल्या कोऱ्या पानावर अंगठा उठवून दिला. त्याच्यापुढं नाव आम्ही लिहिलं, तिच्या सांगण्यावरनं, माहेरासकट.

राम कृष्ण हरी.